सात नंबरचं वजन

एक

यंत्रात टाकण्याआधी बारा काळ्या पिशव्या फोडल्या, तेव्हा अकरांतून फोन निघाले आणि सात नंबरच्या पिशवीतून फोनचं सोंग निघालं. दुकानाच्या काचेत मांडतात तसला पोकळ नमुना. पडद्याच्या जागी चिकटवलेलं छापील चित्र, त्यात कायमचे दहा वाजून दहा मिनिटं.

मला हे सकाळी साडेनऊला कळलं.

"बाई, येऊ शकाल का? गाडी पाठवतो," मालक म्हणाला.

"अरे, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली मला. माझ्या स्टोअरला कुलूप लागलं, त्यालाही सात."

"म्हणूनच. तुमच्या वेळचं इथे आता कुणी उरलं नाही."

तो जगाचा मालक असेल. मी त्याला चड्डीत, वाहत्या नाकानं स्टोअरच्या काउंटरवर बसलेला पाहिलाय. त्याचे वडील तबकडीचे फोन बनवायचे, पुढे बटणांचे. त्या कारखान्याचं स्टोअर मी चौतीस वर्षं सांभाळलं. आता मुलगा खिशातला, काचेचा, हुशार फोन काढणार होता. तीन वेळा तारीख जाहीर झाली आणि तीनही वेळा पुढे गेली. एक लेखक महाशय त्यावर दर रविवारी लिहायचे आणि मी भिंग लावून वाचायची. बॅटरी फुगते, हे पहिल्या आठवड्यात. पडदे परदेशी बंदरात अडकले, हे दुसऱ्या. मालकाचं भावाशी बिनसलंय, हे तिसऱ्या. मालकाला भाऊच नाही, पण वाचायला मजा यायची.

"बाजारात यायच्या आधी चाचणीचे सगळे फोन चुरून टाकायचे, हा नियम," मालक सांगत होता. "अकरा दिवस उरलेत. सात नंबर दुसऱ्या कंपनीच्या टेबलावर पोचला असेल तर संपलंच. उद्या दहा वाजता मी पोलिसांत तक्रार देतोय. चिमणीच्या नावानं."

"कोण चिमणी?"

"चाचणीवाली मुलगी. कपाट तिच्या ताब्यात होतं."

"आणि दर शनिवारचं वजन? करत नव्हती?"

"तेच तर कळत नाही, बाई. सोळा शनिवारांची नोंद आहे. एकशे ब्याऐंशी ग्रॅम. पोकळ खोकं, आणि एकदाही अर्धा ग्रॅम कमी नाही."

दोन

पिशवीला सील लावायचं, सील तोडायचं नाही, नुसतं वजन करायचं, ही पद्धत माझी. बारीक माल मोजत बसलं तर दिवस जातो. म्हणजे माझ्याच पद्धतीनं माझ्या कारखान्याला कुणीतरी फसवलं होतं. गाडीत बसताना मला रागच आला होता.

मालकाच्या खोलीत तो नमुना पांढऱ्या रुमालावर ठेवला होता. दाराशी एक बारीक अंगाची मुलगी उभी होती, रडून नाक लाल झालेली. हीच चिमणी.

"उघडलंत का?" मी विचारलं.

"हात नाही लावला. ठशांसाठी," मालक म्हणाला.

"ठसे पोलिस बघतील. पेचकस आण."

मी पाठ उघडली. आत पितळी चकत्या होत्या, नखाएवढ्या, बारीक तारेत ओवलेल्या. सहा माळा, एकीशेजारी एक, चपट्या पसरून चिकटपट्टीनं बसवलेल्या. हलवलं तर खळ् सुद्धा वाजू नये, इतकं नीट. फक्त तारेच्या टोकाचा पीळ उलटा होता; तो मी मालकाला दाखवला.

"या कसल्या?" मालकानं विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले. तबकडीच्या फोनमध्ये, तबकडीखाली एक चकती असायची. ती बनायची बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. मी आणि माझ्या हाताखालच्या धाकट्या बाईंनी, म्हणजे आमच्या धाकटीनं, अशा लाखो चकत्या ओवल्या असतील.

स्टोअर बंद झालं तेव्हा माल मोजून द्यायला मलाच बोलावलं होतं, आणि शेवटचे तीन डबे उरले होते. ते कुणाकुणाला दिले, हे मला तोंडपाठ होतं.

तीन

"एक डबा तुझ्या वडिलांच्या काचेच्या कपाटात," मी मालकाला म्हटलं. "तो दाखव."

त्याचे कान लाल झाले. "बाई, तुम्ही माझ्यावर..."

"वजन सगळ्यांचंच करायचं असतं. दाखव."

डबा सीलबंद होता, सीलवर माझीच सही. मालक सुटला.

दुसरा डबा फोनचं रूप ठरवणाऱ्या माणसानं मागून नेला होता. रंगीबेरंगी शर्टांमुळे सगळे त्याला रंगराव म्हणतात. तिसरा मी धाकटीला आठवण म्हणून दिला. धाकटी चार महिन्यांपूर्वी गेली. तिचा नवरा या फोनच्या आवाजाचं काम बघणारा इंजिनिअर. तिला मी बहीण मानलं, म्हणून त्याला भावोजी म्हणते.

मालक बाहेर गेल्यावर मी चिमणीला समोर बसवलं.

"सील लावताना पिशवीत पाहिलं होतंस?"

"अकरांत पाहिलं."

"आणि सातमध्ये?"

तिनं मान खाली घातली. "नाही पाहिलं."

"का गं? एवढी शिस्तीची पोर तू. शनिवारची वजनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलीस."

"चुकलं माझं."

"कुणी आणून दिली होती?"

"आठवत नाही."

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. त्या आठवड्यात सात नंबर तिघांनी नेला होता: मालकानं पाहुण्यांना दाखवायला, रंगरावनं फोटोंसाठी, भावोजींनी आवाजासाठी. परतीच्या रकान्यात तारीख होती, सही नव्हती.

"पोलिस आले तर तुझी नोकरी जाईल, पुढेही कुणी उभं करणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी आठवत नाही?"

"नाही आठवत," ती म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, हिला लख्ख आठवतंय. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती, आणि ते भीतीनं नव्हे. पोरीला कुणाची तरी दया आली होती.

चार

रंगरावच्या टेबलावर चकत्यांची एक पाटी होती. त्यानं त्या एकेक करून काचेवर डकवल्या होत्या, सूर्यफुलासारख्या.

"सगळ्या आहेत, मोजा हवं तर," तो म्हणाला. "आणि लेखक महाशयांना बातम्या मीच द्यायचो, तेही सांगून टाकतो. पण खोट्या. खऱ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून."

"भावाचं भांडण तुझं?"

"ते जरा जास्तच झालं."

बोलता बोलता त्यानं कागदावर रेघ मारली. डाव्या हातानं.

मालक मागेच उभा होता. त्यानं माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं. "बाई, त्या माळांच्या तारेचा पीळ तुम्हीच दाखवलात ना? उलटा आहे म्हणालात. उजव्या हाताचा माणूस तार अशी पिळत नाही. आणि अख्ख्या कारखान्यात डावरा हा एकच!"

खरं होतं. माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. मी रंगरावसमोर तार आणि मूठभर सुट्या चकत्या ठेवल्या. "एक माळ करून दे मला. दहाची."

"ही काय परीक्षा?"

"समज तसं."

त्यानं दहा ओवल्या आणि टोक पिळलं. पीळ उलटा, अगदी नमुन्यातल्यासारखा. मालकानं विजयानं माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही माळा शेजारी ठेवल्या. रंगरावची माळ गुमान पडून राहिली. नमुन्यातल्या माळेची चिकटपट्टी काढली तेव्हा मात्र नऊ चकत्या आडव्या राहिल्या आणि दहावी ताठ उभी झाली.

"हा नाही," मी म्हटलं.

"पण डावा हात..."

"दहाव्या चकतीतून तार दोनदा न्यायची, म्हणजे ती उभी राहते. न बघता, बोटांनी दहा-दहाच्या माळा मोजता येतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, रंगरावला माहीत असायचं कारण नाही. आमच्या स्टोअरमध्ये ते दोघींनाच यायचं. एक मी."

"आणि दुसरी?"

"दुसरी गेली."

"धाकट्या बाई? पण त्या तर उजव्या हाताच्या होत्या ना?"

होती. मी तिला सोळा वर्षं उजव्या हातानं माळा करताना पाहिलं होतं.

पाच

धाकटीला दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे ती बोलायची, पण शब्द ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरायचे. मी भेटायला जायची, ती काहीतरी सांगायची, मी हसून मान हलवायची. तिच्या मांडीवर एक फोन असायचा. एकदा त्याच्यावर मोठी अक्षरं उमटली: बाई, कळलं नसेल तर मान हलवू नका.

आम्ही दोघी हसलो. मग मी जाणं कमी केलं. शेवटच्या वर्षात तीनदा गेले असेन. खोटं हसण्यात पकडली गेले, हे काही खरं कारण नव्हे. माझ्याच्यानं ते बघवत नव्हतं.

त्या तीन भेटींतल्या एकीत तिच्याजवळ एक डबा होता आणि डाव्या हातानं ती काहीतरी ओवत होती. हाताचा व्यायाम, भावोजी म्हणाले होते. मी डब्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

उलटा पीळ आणि उभी दहावी चकती. या माळा धाकटीनंच केल्या होत्या, आजारपणात, घरी बसून. चिमणीला धाकटीच्या घरचा डबा ठाऊक असायचं कारण नाही. त्या माळा उचलून आणू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं.

दुपारी तीनला मी भावोजींचं दार वाजवलं. ते रजेवर होते. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात.

"ताई? आज कशा काय?"

"सात नंबर द्या, भावोजी."

ते नाही म्हणाले नाहीत. बाजूला सरले आणि मला आत घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात नंबर ठेवला होता, शेजारी त्यांचा स्वतःचा जुना फोन, आणि एक वही. वहीत रेघांचे गठ्ठे: चार उभ्या, एक आडवी. पानंच्या पानं भरलेली.

"हे काय मोजताय?" मी विचारलं.

"किती वेळा विचारलं ते," ते म्हणाले.

सहा

ते सावकाश बोलले, कामाचा अहवाल द्यावा तसे.

तिचं बोलणं फक्त हा फोन ओळखायचा. भावोजींनी तो तिच्याच आवाजावर शिकवला होता. ती बोलली की अक्षरं उमटायची. सगळ्याच फोनांत ही सोय घालायची असं त्यांच्या मनात होतं, पण त्यानं फोन तापायचा, बॅटरी दुपारीच संपायची. पहिली तारीख पुढे गेली ती त्यामुळे. मग मालकानं सांगितलं, ही सोय काढून टाका. भावोजींनी अकरांतून काढली.

"सातमध्ये ठेवली. पण त्या सोमवारी बॅटरीच्या चाचणीसाठी बाराही फोन हजर करायचे होते. मी तिच्या हातातून घेतला. ती देईना. म्हटलं, अगं, संध्याकाळी परत आणतो."

"मग?"

"दुपारी दुसरा झटका. मी तसाच दवाखान्यात पळालो. फोन कपाटात. ती शुद्धीवर होती, ताई. माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होती. तेच तेच. मला कळेना. सुचलं म्हणून माझ्या जुन्या फोनवर आवाज भरून घेतला. म्हटलं, सात नंबरला ऐकवू, तो सांगेल."

"आणि?"

त्यांनी जुना फोन सातजवळ नेला आणि बटण दाबलं. दवाखान्याची घरघर, त्यावर धाकटीचा पसरलेला आवाज. सात नंबरवर अक्षरं उमटली: कळलं नाही. पुन्हा सांगा.

"चार महिने हेच. पाणी, दिवा, दुखतंय, पंखा, असली घरातली वाक्यं याला येतात. हे वाक्य त्यानं कधी ऐकलेलंच नाही. मी रोज थोडं शिकवतो, रोज विचारतो. वेळ कमी पडत होता. चुरायच्या दिवशी पिशव्या उघडणार, म्हणून दोनदा माईक बिघडलाय असं लिहून दिलं. तारीख पुढे गेली. तिसऱ्यांदा लिहायचं धाडस झालं नाही."

"चिमणीचं नाव पोलिसांत जातंय उद्या."

त्यांचा चेहरा पडला. "तिचं? का? ही गेल्यावर आवाजाच्या कामाला म्हणून सात नंबर नेला, आणि पिशवीत नमुना घालून परत दिला; चिमणीनं माझ्याकडे पाहिलं आणि न उघडता सील लावलं. मला वाटलं, चुकून नमुनाच पिशवीत गेला असं म्हणतील, कुणा माणसावर ठपका येणार नाही. मी उद्या येतो, ताई. मीच सांगतो. फक्त आजचा दिवस..."

"लावा पुन्हा," मी म्हटलं. "या खेपेला मला ऐकू द्या."

त्यांनी लावलं. मी डोळे मिटले. शब्द नव्हतेच, नुसती चाल होती. तीन तुकडे: एक आखूड, एक जरा लांब, एक खाली उतरत गेलेला. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा तेच तीन तुकडे. पुन्हा शांतता. चार वेळा.

सोळा वर्षं, रोज दुपारी दोनला, पाळी बदलताना मी ही चाल ऐकली होती.

"भावोजी, ती म्हणतेय: मोजलं. कमी नाही. किल्ली तुझी."

सात

"कसली किल्ली?" ते म्हणाले. "आमच्याकडे कसली किल्ली?"

मी सांगितलं. आमच्या स्टोअरचा रिवाज होता. पाळी संपली की जाणारीनं माल मोजायचा, काउंटरवर किल्ली ठेवायची आणि ही तीनच वाक्यं बोलायची. वेगळा शब्द नाही, म्हणजे उद्या वाद नाही. पहिल्या आठवड्यात ती मला संकोचानं 'किल्ली तुमची' म्हणाली होती. मी दटावलं, इथे मोठं-धाकटं नाही, वाक्य ठरलंय तेच बोल. त्यानंतर सोळा वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

"घरी कधी बोलली नाही ती हे," भावोजी म्हणाले.

"घरी कशाला बोलेल? ते कामावरचं."

ते सात नंबरच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. "काही कमी नाही, असं म्हणाली?"

"असंच."

"मला वाटायचं, फोन का नेलास, असं विचारतेय. चार महिने मला तेच ऐकू यायचं." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पण चार-चार वेळा का?"

हे त्यांनी विचारू नये असं मला वाटत होतं. सांगू नये असंही वाटलं. पण खोटी मान हलवल्याबद्दल धाकटीनं मला एकदा पकडलं होतं.

"समोरचीनं उत्तर द्यायचं असतं, भावोजी. उत्तर मिळेपर्यंत पाळी सुटत नाही. जागेवरून हलायचं नाही."

"काय उत्तर?"

"'मिळाली. नीघ तू.'"

ओट्याला टेकून ते खाली बसले. आणि मीही, सांध्यांची कुरकुर न ऐकता, त्या फरशीवर शेजारी बसले. मी महिन्यातून एकदा जरी जात राहिले असते तर त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं असतं. मला एका दमात कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी त्यांनी मालकासमोर सगळं सांगितलं आणि राजीनामा ठेवला. सांगण्यात बॅटरीच्या चाचणीचा सोमवार आला तेव्हा मालक खिडकीशी जाऊन उभा राहिला. ते फर्मान त्याचंच होतं. परत आला तेव्हा त्यानं राजीनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला. मंजूर म्हणाला नाही, नामंजूरही नाही.

"बाई, रजिस्टरमध्ये काय लिहू?" चिमणीनं मला विचारलं.

"सात नंबर उशिरा जमा. कारण घरगुती. आणि पुढच्या वेळी पिशवी उघडून बघत जा."

"समोर कोणीही असलं तरी?"

मी रजिस्टर मिटून तिच्या हातात दिलं.

फोन ठरल्या तारखेला बाजारात आला. चांगला चालतो म्हणतात. लेखक महाशयांनी उशिराची खरी कहाणी म्हणून लांबलचक लेख लिहिला, त्यात बॅटरी होती, बंदर होतं, नसलेला भाऊही होता. मी तो भिंग न लावताच ठेवून दिला.

चुरायचं काम मात्र फोन बाजारात यायच्या आधीच झालं. यंत्र मागच्या शेडमध्ये आहे. आधी बॅटरी काढून घेतात, मग फोन पट्ट्यावर ठेवतात. अकरा झाले. सात नंबर भावोजींनी स्वतः ठेवला. सहा माळांतली एक त्यांनी मला दिली होती. ती मी मुठीत धरली होती, उभी चकती अंगठ्याखाली. मालकानं बटणावर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"एक मिनिट," भावोजी म्हणाले. ते पट्ट्यावर वाकले, काउंटरपलीकडे कुणी उभं असावं तसे, आणि साध्या, रोजच्या आवाजात म्हणाले,

"मिळाली. नीघ तू."